क्रूझवर बोट लागू नये म्हणून: पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

कशेडी घाटात ज्याला गाडी लागते त्याने क्रूझच्या नादी लागू नये, असं घरातलं कोणी ना कोणी सांगतंच. यात तथ्य आहे, पण अर्धंच. गाडी लागणाऱ्याला बोट लागण्याची शक्यता जास्त असते हे खरं. तरीही उभा जन्म घाटात गाडी चालवण्यात घालवलेला माणूस बोटीवर आडवा झालेला दिसतो, आणि एसटीत प्लॅस्टिकची पिशवी हातात धरून बसणाऱ्या मावशी डेकवर मजेत फिरत असतात. यात नशिबाचा भाग आहेच, पण तयारीचा त्याहून मोठा आहे. ही तयारी बोट सुटायच्या आधी व्हायला हवी. उलट्या सुरू झाल्यावर गोळी घेणं म्हणजे वरातीमागून घोडं.

पुढचं सगळं प्रामुख्याने मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. सिंगापूरहून किंवा युरोपात क्रूझ घेणाऱ्यांनाही त्यातलं बहुतेक लागू पडेल.

मुळात होतं काय

आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांच्या जोडीला कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक स्फटिक. डोकं कुठे वळलं, शरीर वर गेलं की खाली, हे मेंदूला त्यांच्याकडून कळतं. केबिनमध्ये बसल्यावर डोळे म्हणतात, भिंत जागच्या जागी आहे, पलंगही हललेला नाही. कान म्हणतात, आपण वर-खाली होतोय. दोघांचं जुळत नाही आणि त्याचा राग पोटावर निघतो. ज्यांच्या दोन्ही आतल्या कानांची ही यंत्रणा निकामी झालेली असते त्यांना बोट लागत नाही, अंध माणसाला मात्र लागू शकते. म्हणजे मूळ कानात आहे, डोळे फक्त त्रास वाढवतात किंवा कमी करतात. त्यात सगळ्यात वाईट असतो तो संथ, साधारण पाच सेकंदांना एक असा वर-खाली हेलकावा. लाँचची आदळआपट हाडं खिळखिळी करते, पण पोट ढवळून काढतो तो हा संथ हेलकावा.

यात मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नसतो. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं ‘बीगल’ जहाजावर होता आणि शेवटपर्यंत त्याला बोट लागत राहिली. ब्रिटिश नौदलाचा सेनापती नेल्सनही वारा सुटला की आजारी पडायचा. आणि १८८८ मध्ये मुंबईहून विलायतेला निघालेल्या, तोवर समुद्रप्रवास न केलेल्या अठरा वर्षांच्या मोहनदास गांधींना बोट लागलीच नाही. तेव्हा बायकोला किंवा मुलाला ‘मन घट्ट कर’ म्हणण्यात अर्थ नाही.

उलटी अचानक होत नाही. आधी जांभया येतात. मग तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर गार घाम येतो, चेहरा पांढरा पडतो, बोलावंसं वाटत नाही. मळमळ त्यानंतर. जांभयांच्या टप्प्यावर हालचाल केली तर पुढचं बरंच टळतं, म्हणून आपल्याबरोबरच्यांना ही खूण आधीच सांगून ठेवा. ज्याला त्रास होतो त्याच्या आधी शेजारच्याला ती दिसते.

तिकीट काढताना

पहिला निर्णय महिन्याचा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. मांडव्याच्या लाँचसुद्धा पावसाळ्यात बंद असतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मासेमार होड्या लोटतात, पण तो त्यांचा पोटाचा धंदा आहे, आपल्याला घाई नाही. पहिल्या क्रूझसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते म्हणून गर्दी होते, पण वादळांचा काळही तोच. मे २०२१ मधलं तौक्ते चक्रीवादळ किनारपट्टीवरच्या लोकांच्या चांगलंच लक्षात असेल. मार्च-एप्रिलनंतर आणखी एक गोष्ट होते. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि तरी समुद्र झुलत असतो. हजारो किलोमीटर दक्षिणेला झालेल्या वादळांनी उठवलेल्या लांब लाटा इथवर येऊन पोचतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मासेमारांसाठी लाटांची उंची आणि दोन लाटांमधला कालावधी यांचा अंदाज रोज देते. तो कोणालाही बघता येतो, निघायच्या दोन-तीन दिवस आधी जरूर बघा. आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा लागल्याची बातमी असेल तर गोळी विसरू नका.

दुसरा निर्णय मार्गाचा. मुंबई-गोवा ही किनाऱ्याच्या बाजूने जाणारी एका रात्रीची वाट आहे, सुरुवात करायला उत्तम. लक्षद्वीपला जाताना उघडा समुद्र लागतो आणि दिवसही जास्त जातात. सिंगापूर-पेनांग-फुकेत ही वाट मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाते, दोन्ही बाजूंना जमीन असल्याने तिथे पाणी बहुधा शांत असतं. टूर कंपन्यांबरोबर जाणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांची पहिली क्रूझ हीच असते, आणि ‘आम्हाला काही झालं नाही बुवा’ असं सांगणारे बरेचसे याच वाटेवरून आलेले असतात. त्यांच्या अनुभवावर लक्षद्वीपचा हिशेब करू नका. ज्यांना खरोखरच धास्ती आहे त्यांनी नदीवरची क्रूझ घ्यावी. गंगेवर किंवा ब्रह्मपुत्रेवर हेलकावा जवळपास नसतोच.

जहाज जितकं मोठं तितकं कमी हलतं, हे ढोबळमानाने खरं. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे मुंबईकरांच्या ओळखीचं जहाज १९९० मध्ये बांधलेलं आणि सुमारे २११ मीटर लांबीचं आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटरचं. तेव्हा परदेशातल्या अजस्र जहाजांचे व्हिडिओ बघून ‘काही कळतच नाही हो’ असं गृहीत धरू नये. जहाजाच्या पोटाला बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचं डोलणं बरंच कमी करतात. पुढचं टोक वर उचलून खाली बसणं मात्र त्यांना फारसं आवरत नाही.

म्हणूनच केबिन कुठली घेतो याला महत्त्व. एसटीत शेवटच्या बाकावर बसून ज्याने घाट उतरलाय त्याला हे समजावून सांगायला नको: टोकाला बसलेला सगळ्यात जास्त उडतो. जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या डेकवरची केबिन घ्या. बुकिंग करताना डेकचा नकाशा मागून घ्या आणि एजंटाला बोट ठेवून दाखवा. नुसतं ‘मधली द्या’ म्हणून भागत नाही. सर्वात वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची बाल्कनीवाली केबिन बघायला झकास असते, भाडंही चढं असतं, आणि झोका सर्वात मोठा तिथेच बसतो. ‘केबिन नंतर कळवू’ या बोलीवर मिळणारं स्वस्त तिकीट ज्याला त्रास होतो त्याने घेऊ नये. त्यात तुमची खोली कुठे असेल ते कंपनीच्या हातात राहतं. खिडकी हवी की नको? परवडत असेल तर हवी, दिवसा क्षितिज दिसतं. माझ्या मते वरच्या बाल्कनीपेक्षा खालची, मधली, साधी खिडकीवाली खोली कधीही बरी. बिनखिडकीची खोली फक्त झोपायला वापरणार असाल तर तीही चालते.

रंगीत तालीम

मुंबई-ठाण्या-पुण्याकडच्यांना ही सोय घरबसल्या आहे आणि फार थोडे तिचा फायदा घेतात. गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडा, किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट. तासाभराचा प्रवास. जाताना सकाळची लाँच घ्या, येताना दुपारची. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि पाणी कापरं होतं, फरक तिथल्या तिथे कळेल. एकदा वरच्या मोकळ्या जागेत समोर बघत बसा, एकदा खाली आत मोबाइलमध्ये डोकं घालून. आपलं शरीर कशाला कुरकुरतं ते क्रूझच्या तिकिटाचे पैसे भरण्याआधी समजेल. लाँच लहान असल्याने तिचं हलणं वेगळं, हे लक्षात ठेवा. ही परीक्षा नाही, ओळख आहे.

गोळ्यांबद्दल

औषधांच्या बाबतीत लोक दोन चुका करतात. गोळी उशिरा घेतात, आणि भलतीच घेतात.

आधी भलत्या गोळ्या. घरात उलटीवरची म्हणून ओंडान्सेट्रॉनची किंवा डॉम्पेरिडॉनची गोळी पडलेली असते. पोट बिघडल्यावर किंवा केमोथेरपीत ती उपयोगी पडते, बोट लागू नये म्हणून मात्र तिचा भरवसा धरता येत नाही. सर्दीवरची सेटिरिझिनही नाही. ज्या अँटिहिस्टॅमिन, म्हणजे अॅलर्जीवरच्या, गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात आणि म्हणून झोप आणतात, त्याच इथे काम करतात. झोप न येणारी गोळी द्या असं केमिस्टला सांगणारे जवळजवळ काम न करणारी गोळी मागत असतात.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या आणि जुन्या जाणत्या दोन. पहिली प्रोमेथाझिन, म्हणजे अवोमिन. २५ मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या माणसाने आदल्या रात्री झोपताना किंवा प्रवासाच्या एक-दोन तास आधी घ्यायची. दुसरी सिनारिझिन, म्हणजे स्टुजेरॉन. ही प्रवासाच्या दोन तास आधी घेतात आणि मग गरजेप्रमाणे आठ-आठ तासांनी. झोप दोन्हींनी येते, सिनारिझिनने अनेकांना जरा कमी. परदेशात डायमेनहायड्रिनेट किंवा मेक्लिझिन मिळतात, त्यांचंही साधारण असंच. दोन वेगवेगळ्या गोळ्या मिळून घेऊ नयेत. आणि गोळीवर बिअर मुळीच नको. मद्याने गुंगी वाढते हे एक, शिवाय मद्य आतल्या कानाच्या त्याच तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करतं.

अमेरिकेतले नातेवाईक कधी कधी कानामागे चिकटवायची स्कोपोलामिनची पट्टी घेऊन येतात. ती तिथेही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळते. निदान चार तास आधी लावायची, तीन दिवस टिकते, लांबच्या क्रूझला सोयीची. पण लावल्यावर हात साबणाने धुवा. त्याच बोटाने डोळा चोळला तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते, अंधुक दिसतं, आणि मग माणूस घाबरून भलतंच काही झालं असं समजतो. तोंडाला कोरड पडते, वयस्कर माणसं गोंधळल्यासारखी होऊ शकतात.

काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवीला अडथळा, फिट्स, पार्किन्सन यांपैकी काही असेल तर यातली कुठलीही गोष्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पार्किन्सनवाल्यांना सिनारिझिनने त्रास वाढू शकतो. मानसोपचाराची किंवा झोपेची औषधं चालू असतील तरीही विचारा. गोळी पहिल्यांदा घेणार असाल तर आधी घरी, सुट्टीच्या दिवशी एक घेऊन बघा. कोणी तासभर पेंगतो, कोणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. कोणती गोळी आपल्याला किती झोपवते हे बोटीवर कळण्यापेक्षा घरच्या सोफ्यावर कळलेलं बरं. आणि गोळी घेऊन स्वतः गाडी चालवत बंदरावर जायचं नाही.

‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं? पहिल्यांदाच जात असाल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर पहिल्या रात्रीपुरती गोळी घ्यावी, या मताचा मी आहे. त्रास होणारच नसेल तर फार तर एक शांत झोप लागेल, म्हणजे नुकसान काहीच नाही.

आल्याचं काय, हा प्रश्न येतोच. आलेपाक, सुंठीची गोळी, आल्याचा चहा यांनी बऱ्याच जणांना बरं वाटतं. अभ्यासांतून उलटसुलट निष्कर्ष निघाले आहेत, पण अपायही फारसा नाही. रक्त पातळ करण्याची औषधं घेणाऱ्यांनी भरमसाट आलं खाऊ नये इतकंच. आवळासुपारी, वेलची, लवंग, लिंबू यांचंही तसंच: तोंडाची चव ताळ्यावर येते, घाणेरडा वास नाकापासून दूर राहतो. मनगटावर घालायचे पट्टे मिळतात, त्यातली गुंडी मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून आपली तीन बोटं कोपराकडे, दोन कंडरांच्या मध्ये दाबली जायला हवी. काहींना उपयोग होतो, अनेकांना होत नाही. गोळीसोबत वापरा, गोळीऐवजी नको.

निघायचा दिवस

आदल्या रात्री झोप पूर्ण करा. पॅकिंग रात्री दोनपर्यंत चालत असेल तर निम्मी लढाई तिथेच हरली. सकाळी पोट रिकामं ठेवू नका, टम्म भरूही नका. इडली, तूप-मीठ घातलेला मऊ भात, पोळी, केळं असं काही. टर्मिनलवर जायच्या आधी फोर्टात वेळ मिळाला म्हणून झणझणीत मिसळ हाणायची इच्छा होते. ती परत आल्यावर.

आता एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतल्या जातात आणि तुमच्या केबिनच्या दारात येतात त्या बऱ्याच तासांनी, कधी बोट सुटल्यावरसुद्धा. गोळ्या त्या बॅगेत असतील तर बसा वाट बघत. गोळ्या, ओआरएसची दोन पाकिटं, आलेपाक, रुमाल आणि घट्ट बंद होणाऱ्या दोन पिशव्या हातातल्या पर्समध्येच हव्यात. गोळ्या सुट्या नकोत, मूळ स्ट्रिपमध्ये आणि शक्य तर डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, परदेशी जाताना तर नक्कीच. घरचा खाऊ आत नेऊ देतात की नाही हे कंपनीच्या नियमांत आधी बघून घ्या.

बोट सुटायची वेळ तिकिटावर असते. तिच्या दोन तास आधीचा गजर मोबाइलवर लावून ठेवा. त्या वेळी तुम्ही बहुधा चेक-इनच्या रांगेत किंवा सुरक्षा कवायतीच्या गडबडीत असाल. तिथेच पाण्याच्या घोटाबरोबर गोळी.

पहिली संध्याकाळ

बोट सुटली की सगळे वरच्या डेकवर फोटो काढायला धावतात. मुंबई बंदराच्या आत पाणी शांत असतं, काही जाणवत नाही, आणि ‘उगाच घाबरलो’ अशी चर्चा सुरू होते. खरी बोट कुलाब्याच्या टोकाचं प्रॉन्ग्स दीपगृह मागे पडल्यावर सुरू होते. नेमकी तेव्हाच जेवणाची वेळ. वरच्या मजल्यावर बुफे मांडलेला असतो: तंदूरचा धूर, तळलेल्या माशांचा वास, लाइव्ह काउंटरवरची गर्दी, आणि हातात ताट घेऊन तोल सांभाळायचा. ज्याला धास्ती आहे त्याने पहिल्या रात्री हा बुफे टाळावा. बहुतेक जहाजांवर बसून जेवायचं मुख्य रेस्टॉरंट खालच्या डेकवर असतं, तिथे जा. थोडं जेवा, तेलकट आणि मलईदार टाळा, आणि पाणी घोटाघोटाने प्या. नाटक-गाण्यांचं थिएटर बऱ्याच जहाजांवर पुढच्या टोकाला असतं. अंधार, चमकते दिवे आणि खाली-वर होणारं टोक, तिन्ही एकाच ठिकाणी. जायचंच असेल तर मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरा.

सूर्यास्तापर्यंतचा वेळ उघड्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी, क्षितिजाकडे तोंड करून काढा. लाटांकडे बघत बसू नका, त्या जवळ असतात आणि सतत हलतात. दूरची रेघ धरा. चालत राहिलात तर आणखी चांगलं. गुडघे किंचित सैल ठेवून चाललं की शरीर हेलकाव्याबरोबर जायला लागतं. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी कळलेलं असतं. क्षितिज बघणाऱ्यालाही येणारा हेलकावा तसाच थोडा आधी कळतो. धुराड्याच्या आणि सिगारेट ओढायच्या जागेच्या वाऱ्याखाली मात्र उभं राहू नका.

कर्मचाऱ्यांवर नजर ठेवा. जिन्याच्या कठड्यात, लिफ्टजवळ त्यांनी कागदी पिशव्या खोचायला सुरुवात केली की समजावं, कॅप्टनकडे पुढच्या काही तासांचा अंदाज आलाय. घोषणा होईल तेव्हा होईल, पिशव्या आधी येतात. त्या दिसल्या की जेवण आटपतं घ्या आणि गोळीची पुढची वेळ झाली असेल तर चुकवू नका.

रात्री केबिनमध्ये दोन कामं. कपाटातले रिकामे हँगर काढून खाली ठेवा, ते रात्रभर एकमेकांवर आपटत राहतात आणि प्रत्येक टणत्काराला पोट दचकतं. आणि लोंबता पडदा, दाराला अडकवलेली ओढणी, जे काही लोंबकळतंय ते काढा किंवा बांधून टाका. झुलणारा पडदा बघत पडण्याइतकं वाईट काही नाही. मोबाइल बंद.

मळमळायला लागलं तर

दिवसा असेल तर केबिनमधून बाहेर पडा. मध्यभागाचा मोकळा डेक, वारा चेहऱ्यावर, नजर क्षितिजावर. रात्री क्षितिज दिसत नाही, त्यामुळे डेकवर जाऊन अंधारात बघत उभं राहण्याचा उपयोग नाही, ओल्या डेकवर घसरण्याची भीती मात्र आहे. रात्री सरळ उताणं पडा, डोळे मिटा, डोकं उशीत घट्ट बसवा, म्हणजे ते इकडून तिकडे लोळणार नाही. श्वास संथ आणि मोजून घ्या, लक्ष त्यावरच. हवेचा झोत चेहऱ्यावर येऊ द्या. कानाला आवडीचं गाणं चालेल, डोळ्याला स्क्रीन नको.

तोंडात कोरडं काहीतरी हळूहळू चघळा. खाकरा, कुरमुरे, साधं बिस्किट. मळमळीवर हिरवं सफरचंद आणि कोरडे क्रॅकर खायची जहाजावर जुनी रीत आहे, वेटरला सांगितलं की तो न विचारता समजून आणून देतो. डार्विनच्या पोटात बिस्किटं आणि मनुकाच काय त्या टिकायच्या. मनुका आपल्या घरातही असतात, मूठभर पुडीत बांधून नेल्या तर बिघडत नाही.

उलटी झालीच तर होऊ द्या, दाबून ठेवल्याने फायदा नाही. कठड्यावरून वाकायला जाऊ नका. एकतर धोका, आणि दुसरं, वाऱ्याच्या बाजूला उभे असाल तर सगळं आपल्या आणि शेजाऱ्याच्या अंगावर. पिशवी नाहीतर टॉयलेट. बेसिनमध्ये नको, त्याची नळी तुंबते. अर्धा तास पोटाला विश्रांती द्या, मग ओआरएस चमच्या-चमच्याने. गटागट प्यायलं की परत बाहेर. पोटात काहीच ठरत नसेल तर जहाजाच्या दवाखान्यात जा. तिथे इंजेक्शन मिळतं आणि त्याने बहुतेकांना काही तासांत उतार पडतो. त्याचे पैसे बहुधा वेगळे लागतात आणि परदेशी जहाजांवर ते खिशाला जाणवतात, म्हणून प्रवास विमा काढून ठेवावा.

दर मळमळीला बोट लागणं समजू नका. जुलाब, ताप, पोटात कळा असतील तर तो नोरोव्हायरससारखा संसर्ग असू शकतो. क्रूझवर तो भराभर पसरतो, त्यामुळे लपवून न ठेवता दवाखान्याला कळवा आणि हात सॅनिटायझरने नव्हे, साबणाने धुवा. साठीच्या पुढच्या किंवा मधुमेह असलेल्या माणसाला घाम फुटून मळमळतंय आणि छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखतंय, असं असेल तर आल्याची गोळी देत बसू नका. डॉक्टरला लगेच बोलवा.

लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर

दोन वर्षांखालच्या बाळांना बोट सहसा लागत नाही. दोन ते बारा या वयात त्रास सर्वात जास्त. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलाला अजिबात द्यायचं नाही आणि त्यावरच्या मुलांचा डोस बालरोगतज्ज्ञांकडून घ्यायचा, मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा मोडून नव्हे. काही मुलं या गोळीने झोपायच्या ऐवजी उलट धुमाकूळ घालतात, हेही घरी तपासून बघा. गप्प बसावं म्हणून मुलाच्या हातात टॅब देणं म्हणजे उलटीला दिलेलं आमंत्रण. त्यापेक्षा डेकवर घेऊन जा, जहाजं मोजायला लावा.

गरोदरपणात मळमळ आधीच असते. आपल्या डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्या. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या २४ व्या आठवड्यापासून पुढे गर्भवतीला घेत नाहीत, तेव्हा तारखा बघून बुकिंग करा. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांना आणि पाळीच्या दिवसांत बोट जास्त लागू शकते.

आजी-आजोबांना बोट तरुणांपेक्षा कमीच लागते. त्यांच्या बाबतीत काळजी वेगळी. गोळीच्या गुंगीत रात्री बाथरूमला उठताना पडण्याची. त्या रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेतली आणि जेवण बाहेर पडलं, तर साखर धोकादायकपणे खाली येऊ शकते. साखर तपासायचं यंत्र आणि ग्लुकोज जवळ हवं. रक्तदाबाची किंवा फिट्सची गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली असेल, तर दुसरी घ्यायची का हे दवाखान्यात विचारा.

लक्षद्वीपला लहान बोटीत उतरताना

लक्षद्वीपमध्ये मोठं जहाज सहसा बेटाला लागत नाही, बाहेर नांगर टाकून उभं राहतं आणि प्रवाशांना लहान बोटींनी नेतात. दोन रात्री मोठ्या जहाजावर ठणठणीत राहिलेल्यांना इथे गरगरतं. नांगरलेलं जहाजही चालत्या जहाजापेक्षा जास्त डोलू शकतं, कारण स्टॅबिलायझरचं खरं काम वेगात असतानाच होतं. बेटावर उतरायच्या सकाळी गोळीची वेळ पाळा, हलका नाश्ता करा, आणि लहान बोटीत मागच्या बाजूला, कडेला, पुढे तोंड करून बसा. कॅमेऱ्याच्या पडद्यातून नाही, डोळ्यांनी बेट बघा. फोटो वाळूवर उतरल्यावर काढता येतात.

लांबच्या क्रूझवर तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेकांचं शरीर हेलकाव्याला सरावतं. त्रास संपला असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी थांबवता येते. वाटेत खराब हवा आली तर मात्र परत आधीच घ्यायची.

उतरल्यावर

जमिनीवर पाय ठेवल्यावर जमीनच हलायला लागते, विशेषतः डोळे मिटून आंघोळ करताना. सरावलेल्या मेंदूला परत फिरायला वेळ लागतो, बहुतेकांचं एक-दोन दिवसांत आपोआप जातं. त्या दिवशी बंदरावरून स्वतः गाडी चालवत पुण्याला निघू नका, शिडीवर चढून माळ्यावर बॅगा टाकण्याचं कामही दुसऱ्याला सांगा. हे हलणं काही आठवडे थांबलंच नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना किंवा न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. आणि एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा: चालत्या गाडीत बसलं की बरं वाटतं आणि उतरलं की पुन्हा डोलायला लागतं, असं होतंय का. निदानाला त्याचा फार उपयोग होतो, आणि पेशंट नेमकं तेच सांगायचं विसरतो.